तक्रार एक, आजार तीन

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जालना भागात या तक्रारीला बरीच नावं आहेत. कुणी ‘अंगावर पांढरं जातंय’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘पाणी जातंय’ म्हणतं. जुन्या बाया ‘धुपणी’ म्हणतात, कॉलेजातल्या मुली ‘व्हाइट डिस्चार्ज’ म्हणतात. नावं वेगवेगळी, पण सांगायची रीत मात्र एकच. अंबडहून, मंठ्याहून, भोकरदनच्या एखाद्या खेड्यातून बाई येते. कंबर दुखते म्हणते, हातपाय गळाले म्हणते, जेवण जात नाही म्हणते. सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता, दाराबाहेर बसलेल्या माणसांकडे एक नजर टाकून हळूच म्हणते, “आणखी एक होतं, मॅडम.” ती खरं तर त्या ‘आणखी एक’साठीच आलेली असते.

बहुतेक जणी या तक्रारीसाठी पहिल्यांदा आलेल्या नसतात. वर्षभरात तीन-चार ठिकाणी जाऊन आलेल्या असतात. पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात, पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब असते. मी विचारते, “आतून तपासलं होतं का कुणी?” उत्तर ठरलेलं. “नाही, गोळ्या दिल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं.”

आज मला याच ‘पुन्हा सुरू झालं’बद्दल बोलायचं आहे. अंगावर पांढरं जाणं हा आजार नाही, ती एक तक्रार आहे. ताप जसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, तसंच हेही. या एका तक्रारीमागे मुख्यतः तीन निरनिराळे आजार असतात आणि तिघांची औषधं निराळी आहेत. कोणता आजार आहे हे न बघता औषध दिलं तर ते लागू पडेलही, पडणारही नाही.

नेहमीचा स्राव कोणता?

आधी एक गैरसमज दूर करू. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत प्रत्येक स्त्रीच्या योनिमार्गातून थोडा स्राव होतच असतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज बाहेर पडण्याच्या सुमारास तो अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पातळ आणि तार धरणारा असतो. पाळीच्या आधी घट्ट आणि पांढुरका होतो. गरोदरपणात वाढतो. त्याला घाण वास नसेल, खाज नसेल, आग नसेल, तर तो आजार नव्हे. तोंडात लाळ असते तसाच हा स्राव. त्याला औषध लागत नाही.

त्यातून अंगातलं सत्त्व निघून जातं, हाडं झिजतात, म्हणून अशक्तपणा येतो, हीही एक पक्की समजूत आहे. तसं काही होत नाही. अशक्तपणा खरा असतो, पण त्याचं कारण बहुधा रक्तात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या. पांढऱ्या पाण्यावर खापर फोडू नका.

निरोगी योनिमार्गात जंतू नसतात असं नाही. तिथे जंतूंची वस्तीच असते आणि ती आपल्या कामाची असते. अल्बर्ट डोडर्लाइन या जर्मन डॉक्टरनं १८९२ मध्ये तिचं वर्णन केलं. हे जंतू दही लावणाऱ्या जंतूंच्या कुळातले. विरजण जसं दुधाला आंबट करतं, तसे हे जंतू योनिमार्ग आंबट ठेवतात. शास्त्राच्या भाषेत तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. या आंबटपणात अपायकारक जंतूंना सहसा पाय रोवता येत नाहीत. विरजण बिघडलं की दूध नासतं, तसं हे संतुलन बिघडलं की त्रास सुरू होतो.

तीन निरनिराळे आजार

पहिला आजार बुरशीचा. कँडिडा नावाची बुरशी एरवीही थोड्या प्रमाणात शरीरावर असते. ती वाढली की प्रचंड खाज सुटते, आग होते, लघवीच्या वेळी झोंबतं. स्राव दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट असतो, पण त्याला वास नसतो. चारांपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो.

दुसरा आजार म्हणजे मी आत्ता सांगितलेलं ‘विरजण बिघडणं’. इंग्रजीत त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. आंबटपणा टिकवणारे जंतू कमी होतात आणि दुसऱ्याच जंतूंची गर्दी होते. स्राव पातळ, करडट पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर तो वास जास्त जाणवतो. खाज फारशी नसते.

तिसरा आजार ट्रायकोमोनासचा. हा एकपेशीय सूक्ष्मजीव आहे. फ्रेंच डॉक्टर आल्फ्रेड डोने यांनी तो १८३६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्राव पिवळट हिरवा, फेसाळ असू शकतो, वास येतो, जळजळ होते. हा आजार शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

आता तुम्ही म्हणाल, लक्षणं इतकी वेगळी आहेत तर ऐकूनच ओळखता येईल की! पुस्तकात येतं, प्रत्यक्षात येत नाही. लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात, कधी दोन आजार एकदमच असतात. अमेरिकेत २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मला बुरशीच झाली आहे’ असं स्वतःच ठरवून दुकानातून औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांना तपासलं गेलं. त्यांतल्या जेमतेम एकतृतीयांश स्त्रियांना फक्त बुरशीचा त्रास होता. बाकीच्यांचं काहीतरी वेगळंच होतं, किंवा बुरशीसोबत आणखी काही होतं. शिकल्या-सवरलेल्या स्त्रियांचा अंदाज इतका चुकतो, तिथे मेडिकलच्या काउंटरवर नवऱ्यानं खाली मान घालून सांगितलेल्या लक्षणावरून दिलेली गोळी कितीदा बरोबर ठरणार?

न बघता दिलेलं औषध

हा प्रश्न आपल्याकडे किती खोल आहे हे गडचिरोलीत पहिल्यांदा नीट मोजलं गेलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून अधिक. या आजारांत निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा होता. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती. आणि याआधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई. या आकड्यांनी जगभरच्या आरोग्य यंत्रणांना त्यापलीकडे पाहायला लावलं.

त्यानंतर पुष्कळ काही सुधारलं. रस्ते झाले, दवाखाने वाढले, आशाताई घरोघरी पोचल्या. पण आतून तपासणं अजूनही टाळलं जातं. बाई लाजते. डॉक्टरकडे वेळ नसतो, कधी पडदा नसतो, कधी सोबत सिस्टर नसते.

सरकारी दवाखान्यांत यासाठी वर्षानुवर्षं हिरव्या रंगाचं एक किट दिलं गेलं. त्यात बुरशीची एक गोळी आणि उरलेल्या दोन आजारांसाठी एक औषध असे. प्रयोगशाळा नाही, बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, अशा ठिकाणी एकाच वेळी तिन्ही आजारांवर औषध देण्यात शहाणपण होतं. मी त्याला नावं ठेवणार नाही. पहिल्या वेळी असं औषध ठीक आहे. पण तीच बाई दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन आली आणि पुन्हा तेच औषध दिलं, तिसऱ्यांदाही तेच, तर तो उपचार राहत नाही. तक्रार परत आली म्हणजे आता तपासायची वेळ आली, एवढी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

तपासणीत काय करतात?

तपासणीची भीती वाटते, कारण तिच्यात काय होतं हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून सांगते. तुम्ही टेबलावर पाय दुमडून झोपता, अंगावर चादर असते. ‘स्पेक्युलम’ नावाचं एक साधन हलक्या हातानं आत ठेवून डॉक्टर उजेडात योनिमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड पाहतात. कापसाच्या बोळ्यानं थोडा स्राव घेतात. सगळं मिळून पाचेक मिनिटं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण स्नायू सैल सोडले तर सहसा दुखत नाही. लग्न न झालेल्या मुलींना असं आतून तपासण्याची बहुधा गरज पडत नाही. बाहेरून पाहून, हलकासा स्वॅब घेऊन काम भागतं. आईनं आणि डॉक्टरांनी आधी तिची परवानगी मात्र विचारावी.

स्राव घेतल्यावरच्या चाचण्या अगदी साध्या आहेत. एक कागदी पट्टी असते, तिला स्राव लावला की रंग बदलतो आणि आंबटपणा कळतो. आंबटपणा कायम असेल तर बुरशीचा संशय, कमी झाला असेल तर उरलेल्या दोघांचा. काचेवर एक थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बुरशीचे धागे दिसतात किंवा ट्रायकोमोनास चक्क पळताना दिसतो. त्याची हालचाल लवकर थांबते, म्हणून ती काच लगेच पाहावी लागते. तरीही तो पुष्कळदा निसटतो, मग दाट संशय असेल तर पुढची चाचणी करावी लागते. ‘विरजण बिघडलं’ आहे का हे ठरवायला डॉ. अ‍ॅम्सेल यांनी १९८३ मध्ये चार खुणा सांगितल्या: पातळ एकसारखा स्राव, कमी झालेला आंबटपणा, औषधाचा थेंब टाकल्यावर येणारा मासळीचा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या विशिष्ट पेशी. चारांपैकी तीन असल्या की निदान पक्कं. यासाठी मोठ्या शहरात जावं लागत नाही. जालन्यात शासकीय स्त्री रुग्णालय आहे. बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतःच्या दवाखान्यातही हे करता येतं.

पुन्हा पुन्हा का होतं?

वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा बुरशीचा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अशा वेळी आधी स्राव कल्चरसाठी पाठवावा. नेहमीची बुरशी नेहमीच्या गोळीला दाद देते, पण बुरशीच्या काही जाती देत नाहीत. मग वेगळं औषध लागतं.

दुसरं, रक्तातली साखर तपासावी. तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी बायकांचा मधुमेह या खाजेमुळे उघड झालेला मी पाहिला आहे. साखर आटोक्यात आल्याशिवाय कुठलंही मलम टिकाऊ उपयोगाचं नाही. आणि ज्यांना मधुमेह आहे हे आधीच ठाऊक आहे त्यांनी आपल्या गोळ्यांचं नाव वाचावं. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ही औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायद्याची आहेत, पण त्यांनी काही जणींना बुरशीचा त्रास होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा, ते ठरवतील.

वारंवार होणाऱ्या बुरशीवर एका गोळीनं भागत नाही. फ्लुकोनॅझोलची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि नंतर आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने घ्यावी लागते. डॉ. जॅक सोबेल यांनी २००४ मध्ये या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांअखेर दहांपैकी नऊ स्त्रिया त्रासमुक्त होत्या. औषध थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर मात्र हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आलं. म्हणजे औषधानं आराम नक्की पडतो, पण काही जणींना त्रास परत होऊ शकतो. हे आधीच सांगितलं तर बाई निराश होऊन डॉक्टर बदलत फिरत नाही. गरोदरपणात ही गोळी घ्यायची नाही, तेव्हा योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा मलम वापरतात. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण आपल्या न्हाणीघरात असतं. वास येतो म्हणून बायका साबणानं, डेटॉलच्या पाण्यानं, तुरटीच्या पाण्यानं आतून धुतात. जितकं धुवावं तितके कामाचे जंतू मरतात आणि वास वाढतो. वास वाढला की पुन्हा धुणं. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे. दह्याचे जंतू आणि आतले जंतू एका कुळातले, असं मी म्हटलं, म्हणून दही लावायचं का? नाही. दही जेवणात घ्या.

आणि चौथं, हा संसर्गच नसतो. नुसती खाज असेल आणि तपासणीत काही सापडत नसेल तर ते इसब असू शकतं, साबणाची किंवा पॅडची अ‍ॅलर्जी असू शकते, त्वचेचा दुसरा एखादा आजार असू शकतो. पाळी गेलेल्या बाईला हार्मोन कमी झाल्यानं कोरडेपणा येतो, आग होते. तिला बुरशीच्या गोळ्या देऊन काय उपयोग? खाजेवर दुकानातून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि बुरशी जास्तच फोफावते.

नवऱ्यानंही औषध घ्यायचं

आता थोडं पुरुषांशी बोलते. तुम्ही बायकोला गाडीवर बसवून दवाखान्यात आणता, पण बाहेरच थांबता. कृपा करून आत या.

ट्रायकोमोनास असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घेतलंच पाहिजे. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे ‘मला काय झालंय?’ म्हणून तो गोळ्या घेत नाही. बायको बरी होते आणि त्याच्याकडून पुन्हा आजार घेते. बाईनं सात दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा, दोघांचे उपचार संपेपर्यंत संबंध टाळायचे आणि तीन महिन्यांनी बाईची पुन्हा तपासणी करायची. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते. हा जीव लक्षणं न दाखवता कित्येक महिने शरीरात राहू शकतो. त्यामुळे तो आज सापडला म्हणून कुणी परवा-तेरवा काही गैर केलं असा अर्थ काढता येत नाही. या एका रिपोर्टवरून बाईला माहेरी धाडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. आजारावर उपचार करा, बायकोवर खटला चालवू नका.

बिघडलेल्या विरजणाच्या आजारात, म्हणजे दुसऱ्या आजारात, नवऱ्याला औषध देऊन फायदा नाही असं आम्ही अनेक वर्षं मानत होतो. या आजाराचा तर त्रासच हा की सात दिवस औषध घेऊन बरी झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना वर्षाच्या आत तो परत होतो. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६४ जोडप्यांचा एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त बायकांना औषध दिलं त्या गटात १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना आजार परतला. ज्या गटात नवऱ्यांनाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं, तिथे तो ३५ टक्के जणींनाच परतला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवण्यात आला. तेव्हा हा आजार वारंवार होत असेल तर नवऱ्याच्या उपचाराबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. बुरशीच्या आजारात मात्र नवऱ्याला त्रास नसेल तर औषधाची सहसा गरज नसते.

पिशवी काढणं हा इलाज नाही

या सगळ्या गोष्टींना मी एवढा वेळ का देते आहे? कारण न तपासलेल्या पांढऱ्या पाण्याचा शेवट कधी कधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो. दोन-तीन वर्षं गोळ्या खाऊन कंटाळलेल्या बाईला कुणीतरी सांगतं, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका.’ ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकला की घरातले कर्ज काढतात.

२०१९ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एकीचं. सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असं कुणी म्हणणार नाही. पण ते आयुष्य डोळ्यांपुढे आणा. मुकादमाकडून जोडप्याच्या नावानं उचल घेतलेली, राहायला कोपी, आडोसा नाही, पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, खाडा पडला की दंड. अशा बाईला दर महिन्याचा त्रास एकदाचा मिटवून टाकावासा वाटला तर नवल काय? आपल्या जालना जिल्ह्यातूनही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यामुळे बीडची गोष्ट आपल्यासाठी परकी नाही.

यातली वैद्यकीय बाजू नीट समजून घ्या. आज मी ज्या तीन आजारांबद्दल बोलले ते योनिमार्गाचे आजार आहेत. गर्भाशय काढलं तरी योनिमार्ग जागेवरच राहतो. बुरशी तिथेच राहते, ट्रायकोमोनास तिथेच राहतो. म्हणजे ज्यासाठी पिशवी काढली तो त्रास तसाच राहू शकतो. वर नवे त्रास येतात. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. तिशीतल्या बाईची हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. कॅन्सर, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अशी गर्भाशय काढण्याची खरी कारणं आहेत. नुसतं पांढरं जाणं हे त्यांत येत नाही. केंद्र सरकारनं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया टाळण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. खरा डॉक्टर त्यानं रागावत नाही.

या खुणा मात्र अंगावर काढू नका

घाबरवणं वाईट, तसंच दुर्लक्षही वाईट. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, रक्तमिश्रित आणि दुर्गंधी असलेलं पाणी जाणं, या खुणा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या असू शकतात. ओटीपोटात दुखून ताप येणं, जखम किंवा फोड दिसणं, यासाठीही लगेच दवाखाना गाठा. गरोदरपणात वास येणारा स्राव असेल तर दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून तेव्हाही थांबू नका.

कॅन्सर वेळेवर ओळखता येतो हे मराठवाड्यानंच जगाला दाखवलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं, त्रास असो वा नसो, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. पांढऱ्या पाण्यासाठी टेबलावर झोपलाच आहात, तर तीही त्याच वेळी होऊन जाईल.

घरी आणि दवाखान्यात

घरी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. आतले कपडे सुती वापरा, रोज बदला. पाळीचा कपडा वापरत असाल तर तो धुऊन साडीखाली, अंधारात वाळवू नका. उन्हात वाळवा, लाज वाटली तरी उन्हातच वाळवा. शौचानंतर पुढून मागे धुवा. टँकरच्या दिवसांत पाणी कमी असतं हे मला ठाऊक आहे. यासाठी बादलीभर पाणी लागत नाही, एक-दोन तांबे पुरतात. पण घरात त्या तांब्यांवर बाईचा हक्क असला पाहिजे.

दवाखान्यात जाताना आधी घेतलेल्या औषधांची पाकिटं सोबत न्या, फेकू नका. आदल्या दिवशी आतून धुऊ नका, मलम लावू नका, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही. पाळी चालू नसताना जा. आणि तीन प्रश्न विचारा: मला तिघांपैकी कोणता आजार आहे? औषध किती दिवस घ्यायचं? नवऱ्यानं घ्यायचं का?

डॉक्टर मित्रमैत्रिणींनाही एक विनंती. एक पडदा, चांगला उजेड, सोबत एक सिस्टर, पीएचच्या पट्ट्यांची डबी आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढं प्रत्येक तालुक्याच्या गावी असू शकतं. आणि बायांनो, तक्रार दुसऱ्यांदा आली असेल तर चिठ्ठी लिहून घेण्याआधी म्हणा, “डॉक्टर, आधी तपासता का?” हे म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही.